मोडीतून वाचलेले डबे

वर्धा जिल्ह्यातील जुन्या घरांच्या माळ्यांवर एके काळी पितळी भांड्यांची जी रास असे, गुंडी, गंज, कोपर, परात, घागर आणि त्यांच्या जोडीला तीन किंवा चार पुडांचे डबे असा संसाराचा जो सरंजाम तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जाई, त्यापैकी फारच थोडा आज शिल्लक उरला आहे. कारण 1960 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत स्टेनलेस स्टीलची भांडी गावोगावच्या बाजारांत आणि यात्रांत येऊन दाखल झाली, तेव्हा पितळ मोडीत घालून त्याच्या बदल्यात स्टील घेण्याची एक लाटच या मुलखात उसळली. त्या काळच्या गृहिणींना या देवघेवीबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. चिंच आणि राख लावून रोज घासले तरी चार दिवसांत काळवंडणारे पितळ, कल्हईवाल्याची करावी लागणारी प्रतीक्षा, आणि त्याला यायला उशीर झाला की कळकणारे ताक व आंबाडीची भाजी, या नित्याच्या जाचातून स्टीलने त्यांची सुटका केली, आणि ती सुटका खरोखरीची होती. तथापि मोडीच्या ताजव्यात पितळ पडत असताना त्या पितळाबरोबर ज्या गोष्टी ताजव्याला तोलता येण्यासारख्या नव्हत्या, त्याही विनामूल्य निघून गेल्या. आणि आज जुन्या डब्यांचे संग्राहक नेमक्या त्याच गोष्टींच्या शोधात फिरत असतात.

जुना डबा मौल्यवान कशामुळे ठरतो, हा प्रश्न नवख्या माणसाला विचारला, तर तो धातू, वजन आणि वय या तीन गोष्टी याच क्रमाने सांगेल. माझ्या मते हा क्रम जवळजवळ उलटा करावयास हवा, आणि त्यात वजनाला तर अगदी शेवटची जागा द्यावयास हवी. कारण वजनाने ठरते ती धातूची किंमत, आणि डब्याची किंमत म्हणजे धातूची किंमत वजा जाता जे काही उरते ते. हे जे उरते ते काय, याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम या वस्तूची गरज कोणत्या परिस्थितीत उत्पन्न झाली, ते पाहू. शेतावर जाणाऱ्या माणसाला फडक्यात बांधलेली भाकर आणि तिच्यावरचा ठेचा पुरत असे. पुडांच्या डब्याची आवश्यकता भासू लागली ती घरापासून दूर, ठरावीक वेळी आणि परक्यांच्या सान्निध्यात जेवण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांना. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वर्ध्यावरून जाऊन 1867 मध्ये नागपुरास पोहोचला. त्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. 1917 मध्ये पुलगावपासून कापसाच्या बाजारपेठेसाठी नाव कमावलेल्या आर्वीपर्यंत अरुंद रुळांची गाडी धावू लागली. आणि या सर्वांबरोबर कचेऱ्या, शाळा, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने यांतून नियमित वेळेवर हजर होणारा एक नोकरदार वर्ग जिल्ह्यात निर्माण झाला. या वर्गाला घरचे अन्न हवे होते, आणि त्या हवेपणात चवीच्या आवडीइतकाच सोवळ्याओवळ्याच्या विचाराचाही भाग होता. प्रवासात दशम्या न्यावयाच्या त्या दुधात भिजवलेल्या कणकेच्या, म्हणजे त्यांना ओलेपणाचा दोष लागत नाही, असे मानणाऱ्या समाजात भाजी, वरण, भात आणि पोळी एकमेकांस न शिवता, पण एकाच कडीखाली, वाहून नेणारे पात्र लोकप्रिय झाले, यात आश्चर्य नाही. कित्येक जुन्या डब्यांच्या खिट्टीला लहानसे कुलूप घालण्याची सोय आढळते. डबा पोहोचविणाऱ्या नोकराच्या हातून आतल्या अन्नाला स्पर्श होऊ नये किंवा त्याचा अपहार होऊ नये, हा तिचा हेतू उघड आहे. आणि माणसामाणसांतील अविश्वासाची आणि शिवाशिवीची ही खूण पितळात कायमची कोरली गेलेली पाहून मनाला क्लेश झाल्यावाचून राहत नाही. परंतु संग्राहकाने ती खूण झाकून ठेवू नये; कुलपाची सोय शाबूत असलेला डबा दुर्मिळ असतो, आणि तो त्या समाजाची कैफियत अधिक प्रामाणिकपणे सांगतो.

आता धातूंविषयी. आमच्या भागात पितळी भांडी येत ती बव्हंशी भंडाऱ्याची, कारण पितळेच्या कामासाठी त्या गावाचा लौकिक फार जुना. शिवाय नागपूरच्या इतवारीतील व्यापारी दूरदूरचा माल आणून या भागात पुरवीत. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाने पितळ होते, आणि आंबट पदार्थाशी त्याचा संबंध आला की तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागतो, तीच कल्हई. भांडे तापवून त्यात नवसागर टाकावयाचा, त्याच्या पांढऱ्या धुराने पितळेचा पृष्ठभाग स्वच्छ झाला की कथलाची कांडी टेकवावयाची, आणि 232 अंश सेल्सिअसला वितळणारे ते कथील कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवावयाचे, हे काम पाहावयास आळीतील मुले जमत. जुन्या डब्याच्या आत ही कल्हई कोठे शिल्लक आहे आणि कोठे उडाली आहे, यावरून कोणत्या पुडात आंबट कालवण भरले जाई आणि कोणत्या पुडात कोरड्या पोळ्या, हेही पुष्कळदा ओळखता येते.

पितळेनंतर आले ते ॲल्युमिनियम, ज्याला आपल्याकडे लोक अजूनही जर्मन म्हणतात. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1898 च्या सुमारास या धातूची भांडी करण्याचा उपक्रम सुरू केला, आणि पुढील काही दशकांत हा हलका, स्वस्त आणि कल्हईची अपेक्षा न करणारा धातू गरिबांच्या स्वयंपाकघरात स्थिरावला. गिरणीकामगारांच्या हातांत दिसे तो पुष्कळदा हाच डबा, आणि चमत्कारिक गोष्ट अशी की श्रीमंतांच्या पितळी डब्यापेक्षा कामगाराचा जुना जर्मनचा डबा सुस्थितीत मिळणे आज अधिक कठीण आहे. कारण तो वापरला गेला तो पार झिजून, पोचे पडून, कान तुटेपर्यंत, आणि मग कोणालाही त्याची खंत न वाटता तो भंगारात गेला. लोखंडी पत्र्यावर काचेचा मुलामा भाजून केलेले एनॅमलचे रंगीत डबे युरोपातून येत. त्यांवर फुलांची नक्षी असे. मुलाम्याचे टवके उडाले की त्यांची किंमत झपाट्याने उतरते, कारण उडालेला मुलामा पुन्हा बसविता येत नाही. त्यांच्या बुडावर देशाचे नाव छापलेले असते, आणि ते नाव चेकोस्लोव्हाकिया असेल तर डबा 1918 पूर्वीचा असणे शक्य नाही, कारण त्या वर्षापूर्वी त्या नावाचा देशच अस्तित्वात नव्हता.

पितळी डबा हातात घेतल्यावर तो कसा पाहावा, हे आता सांगतो. प्रथम सर्व पुडे सोडवून ओळीने मांडावीत आणि पुन्हा एकावर एक रचावीत. हाताने घडविलेल्या डब्यात प्रत्येक पुडाचा काठ त्याच्या वरच्या पुडाच्या बुडाशी जुळवून घेतलेला असतो. कोणी मधले एखादे पूड दुसऱ्या डब्यातून आणून बसविले असेल, तर ते थोडे डगमगते, किंवा त्याच्या कानातून बाजूची पट्टी सरळ न जाता अडते. असा जुळवलेला डबा टाकाऊ होत नाही, परंतु त्याचे मोल अखंड डब्याच्या मानाने पुष्कळच कमी धरले पाहिजे. त्यानंतर पुडाची भिंत उजेडाकडे करून पाहावी. ठोकून केलेल्या पुडावर मठारणीचे बारीक, किंचित असमान ठसे दिसतात, आणि पत्र्याची दोन टोके जेथे एकमेकांत दातेरी गुंतवून झाळली असतील, तेथे थोड्या निराळ्या पिवळ्या छटेची एक वाकडीतिकडी रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली दिसते. यंत्रावर फिरवून किंवा साच्यात दाबून काढलेल्या पुडावर असा सांधा नसतो. त्याऐवजी बुडापासून निघालेली एककेंद्री वर्तुळे असतात. पहिल्या प्रकारात कारागिराचा हात आहे, आणि संग्राहक त्यालाच अधिक मान देतात, हे मला योग्य वाटते.

याहूनही महत्त्वाची परीक्षा झिजेची. कडी रोज ज्या ठिकाणी धरली गेली, ती जागा गुळगुळीत आणि उजळ असली पाहिजे; खिट्टी एकाच हाताने वर्षानुवर्षे उघडली गेल्यामुळे ती एका अंगाने अधिक झिजलेली असली पाहिजे; पट्टी आणि कान यांच्या घर्षणाने कानाची आतली कड पातळ झालेली असली पाहिजे; आणि बुडाच्या काठावर फरशीवरून व बाकावरून सरकल्याच्या सर्व दिशांनी गेलेल्या रेघा असल्या पाहिजेत. नवे पितळ आम्लात बुडवून काळे करून जुने म्हणून विकणारे लोक या व्यवसायात आहेत, आणि त्यांची लबाडी बहुधा येथेच उघडी पडते. कारण आम्लाने येणारा काळेपणा सर्वत्र सारखा बसतो, जेथे मनुष्याची बोटे रोज घासत होती तेथेसुद्धा.

परंतु या साऱ्या परीक्षांपेक्षा ज्या एका गोष्टीने डब्याला खरे मोल येते, ती म्हणजे त्यावर घातलेले नाव. भांड्यावर नाव घालून घेण्याची आपली चाल इतकी सर्वत्र रूढ आहे की तिचे महत्त्व आपल्या ध्यानात येत नाही. दुकानदाराच्या ओट्यावर बसलेला कारागीर लहानशा टोच्याने ठिपक्यांमागून ठिपके ठोकीत अक्षरे उमटवी, आणि त्या ठिपक्यांत देणाऱ्याचे नाव, घेणाराचे नाव, लग्नाचा किंवा मुंजीचा प्रसंग, गावाचे नाव आणि पुष्कळदा तिथी किंवा साल इतका मजकूर येई. पुढे विजेच्या सुईने नाव घालण्याची पद्धत आली, तेव्हा अक्षरे सलग आणि बारीक रेघेची झाली. म्हणून ठिपक्यांची अक्षरे सामान्यतः आधीची समजावीत. कित्येकदा मूळ नावाखाली निराळ्या वळणाच्या अक्षरांत दुसरे नाव घातलेले असते, कारण आईचा डबा मुलीच्या रुखवतात गेला आणि तिने सासरच्या नावाची नोंद त्यावर करून घेतली. जमिनीच्या दप्तरात वारसाचा फेरफार होतो तसाच हा भांड्यावरचा फेरफार. अशा दुहेरी नावाच्या डब्याला मी एकेरी नावाच्या, त्याहून कितीतरी सुबक डब्यापेक्षा श्रेष्ठ मानतो.

या मजकुरात साल नसले तरी डब्याचा काळ ठरविण्याचे एक साधन वर्धा जिल्ह्यात विशेष रीतीने उपलब्ध आहे, आणि ते म्हणजे पत्त्यातील प्रांताचे नाव. हा जिल्हा 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठा येथे होते, आणि 1866 मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविलेल्या नव्या शहरात, म्हणजे आजच्या वर्ध्यास, आणले गेले. सबब भांड्यावर 'जि. वर्धा' अशी अक्षरे असतील, तर ती 1862 च्या अलीकडची, हे निर्विवाद. पुढे हा जिल्हा मध्यप्रांतात होता. 1903 पासून वऱ्हाडचा कारभार त्या प्रांताला जोडला गेला. 1950 मध्ये त्याला मध्यप्रदेश हे नाव मिळाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. याचा अर्थ असा की 'मु. आर्वी, जि. वर्धा, म. प्र.' अशी अक्षरे ज्या डब्यावर आहेत, तो डबा बहुधा अवघ्या सहा-सात वर्षांच्या अवधीतला असला पाहिजे, आणि ज्यावर 'मुंबई राज्य' असे कोरलेले आहे, त्याचा अवधी तर चार वर्षांहूनही कमी. त्याचप्रमाणे वर्ध्याजवळच्या ज्या सेगावात महात्मा गांधी 1936 मध्ये येऊन राहिले, त्या गावाची टपाले वऱ्हाडातील शेगावास जाऊ लागल्यामुळे 1940 मध्ये त्याचे नाव सेवाग्राम असे बदलण्यात आले. तेव्हा वर्ध्याच्या पत्त्यानिशी 'सेगाव' असे नाव असलेले भांडे आढळले, तर ते त्या बदलापूर्वीचे असण्याचा संभव फार मोठा. शकाचा आकडा असेल तर त्यात 78 मिळवावेत, म्हणजे इसवी सन निघतो. वजन शेर-छटाकांत कोरलेले असेल तर ते मेट्रिक वजनांच्या आधीचे धरावे, आणि ही नवी वजने 1958 पासून अमलात येऊ लागली. राज्यकर्त्यांच्या एवढ्या उलाढाली एका जेवणाच्या डब्यावर वाचता येतात, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. आणि मोडीत गेलेल्या हजारो डब्यांबरोबर असा केवढा दस्तऐवज वितळून गेला असेल, या विचाराने जीव हळहळतो.

वस्तूच्या मोलात तिच्या मालकीच्या हकीकतीचा वाटा किती मोठा असतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण पुन्हा गांधीजींशीच निगडित आहे. मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्क येथे अँटिकोरम या संस्थेने केलेल्या लिलावात गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातील घड्याळ आणि त्यांच्या वापरातील ताट व वाडगा या वस्तूंना 18 लाख डॉलर इतकी किंमत आली, आणि विजय मल्ल्या यांनी त्या विकत घेतल्या. ज्या महात्म्याने अपरिग्रहाचे व्रत आमच्याच जिल्ह्यातील मातीच्या कुटीत आचरून दाखविले, त्याच्या ताटावाडग्याचा असा लिलाव व्हावा, हे मला रुचले नाही. परंतु व्यवहाराचा न्याय त्यातून स्पष्ट होतो. तेच ताट कोणत्याही साक्षीपुराव्यावाचून एखाद्या बाजारात पडले असते, तर त्याला मोडीचा भाव आला असता. सामान्य घरातील डब्याचा इतिहास जगप्रसिद्ध नसतो एवढेच. परंतु तो लेखी असला, डबा वापरणाऱ्याचा एखादा फोटो, लग्नातील अहेराची यादी किंवा रेल्वेच्या नोकरीचा कागद त्याच्याबरोबर जपलेला असला, की त्या डब्याची योग्यता सर्वस्वी पालटते.

ज्या वस्तू हाताने घडतात आणि रोज हाताळल्या जातात, त्या प्रदर्शनास योग्य आहेत, हा विचार वर्ध्यास नवा नाही. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ उभारलेले मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 रोजी येथे उघडले गेले, आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखालील अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्याशी निगडित असलेल्या त्या संग्रहालयात चरख्यांना आणि ग्रामीण कारागिरांच्या अवजारांना जो मान मिळाला, तो त्यापूर्वी राजेरजवाड्यांच्या तलवारींनाच मिळत असे. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने जे संग्रहालय उभे केले, त्यात अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तूंसाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले. आणि अहमदाबादेजवळ विशाला येथे सुरेंद्र पटेल यांनी स्थापिलेले 'वेचार' हे संग्रहालय तर केवळ भांड्यांचेच आहे. नव्या संग्राहकाने डबे विकत घेण्यापूर्वी ही स्थळे डोळे भरून पाहावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांचा उल्लेख येथे टाळता येत नाही. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी आरंभलेल्या या व्यवसायात मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतील माणसांनी डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या खुणांची एक स्वतंत्र लिपीच निर्माण केली, आणि ती मूळ रंगखूण टिकून असलेला जुना डबा आज आस्थेने जतन केला जातो. अशा डब्यावरचा रंग खरवडून त्याला चकचकीत करणे म्हणजे त्याचा पत्ता पुसून टाकणे होय.

अमेरिकेत हा छंद निराळ्या वाटेने गेला. तेथे नॅशव्हिल येथील अलादीन कंपनीने 1950 मध्ये हॉपॅलाँग कॅसिडी या गुराखी-नायकाचे चित्र चिकटवलेला शाळकरी मुलांचा पत्र्याचा डबा बाजारात आणला, आणि तेव्हापासून 1985 च्या 'रॅम्बो' चित्राच्या डब्यापर्यंत दूरदर्शन आणि चित्रपट यांतील पात्रांचे असंख्य डबे तेथे निघाले. तेथील संग्राहक चित्राचा रंग किती ताजा आहे आणि आतली थर्मासची बाटली मूळची आहे की नाही, यावर किंमत ठरवितो. जो डबा मुलाने वापरलाच नाही, तो त्याच्या दृष्टीने सर्वांत उत्तम. आमच्याकडे मात्र न वापरलेला डबा मला मुका वाटतो.

आता संग्राहकांना आणि ज्यांच्या घरी असा एखादा डबा अद्याप आहे त्यांना काही व्यावहारिक सूचना. लिंबू, चिंच किंवा बाजारातील पावडर लावून जुने पितळ सोन्यासारखे पिवळे करण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे जमलेला तपकिरी थर धातूचे रक्षण करतो आणि ठिपक्यांची अक्षरे त्यामुळेच उठून दिसतात, तर वारंवार घासल्याने ती पुसट होत जातात. हिरवट, भुकटीसारखा गंज दिसला तर तो मात्र कोरड्या मऊ ब्रशाने काढावा, कारण तो पसरत जातो. जुन्या डब्यात अन्न भरू नये; पूर्वीच्या कल्हईत आणि डाक दिलेल्या जागी शिसे असण्याचा संभव असतो, आणि वापरावयाचाच असेल तर खात्रीच्या कथलाची नवी कल्हई करून घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली पुरावस्तू या सदरात येऊ शकते आणि तिची परदेशी निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही. परदेशस्थ नातलगांना आजीचा डबा पाठविण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

डबा ठेवताना पुडे एकावर एक घट्ट न बसविता सुटी ठेवावीत, प्रत्येक पूड धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच बांधू नये, कारण आपल्याकडील पावसाळ्यात आत दमटपणा अडकून राहतो. वरच्या पुडात एक चिठ्ठी असावी, आणि तीत डबा कोणाचा, कोणी कोणाला कोणत्या प्रसंगी दिला, तो घेऊन कोण कोठे कामाला जात असे, ही हकीकत घरातील वडील माणसाची जबानी घेऊन लिहून ठेवावी. ती शिसपेन्सिलीने लिहावी. ओल लागली तर शाई फुटते, शिसपेन्सिलीचे अक्षर टिकते.